हायब्रीड जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात, काय करू? आणि केसांना न चहाला कुठली जास्वंद चालते?

आधी गळलेली कळी उचला आणि नखाने उभी फाडून बघा. आत बारीक पांढरट अळ्या वळवळत असतील तर अशा सगळ्या कळ्या रोज वेचून पिशवीत घट्ट बांधून टाका, कुंडीत राहू देऊ नका कारण त्या अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि परत माशी तयार. केसाएवढे किडे तुरुतुरु पळाले तर ते थ्रिप्स. आणि कळी आतून स्वच्छ असेल तर बहुतेक पाण्याची गडबड आहे, म्हणजे दोन दिवस कोरडं ठाक न तिसऱ्या दिवशी डबडब, हे जास्वंदीला अजिबात सोसत नाही.

माझ्या पिवळ्या डबल (भरगच्च पाकळ्यांच्या) जास्वंदीने अख्खा सीझन हेच केलं. मी आपली फुलं यावीत म्हणून बोनमील (हाडांचा चुरा, त्यात फॉस्फरस भरपूर) घालत गेले आणि पानं अजूनच पिवळी पडली, नंतर कळलं की जास्वंदीला फॉस्फरस जास्त झाला की लोह घेता येत नाही, तिला पोटॅश हवं असतं. बोनमील बंद केलं, सहा तास ऊन मिळेल अशी जागा दिली, शेंडे खुडले (कळ्या नवीन फुटीवरच येतात), तेव्हा कुठे झाड सावरलं. थंडी १० अंशांच्या खाली जात असेल तर कुंडी आत घ्या.

आता उपयोगाचं. केसांसाठी साधी एकेरी लालच घ्या, काटक असते आणि फांदी खोचली तरी लागते. तिची पानं पाण्यात कुस्करलीत की हाताला बुळबुळीत फेस लागतो, त्याच चिकाने केस धुवायची जुनी पद्धत आहे. पाकळ्या चामड्यावर घासून बूट चमकवायचे, म्हणून इंग्रजीत तिला शू फ्लॉवर नाव पडलं. चहाचं मात्र झाड वेगळं, ती लाल अंबाडी, आणि त्यातही पाकळ्या नाही तर फूल गळल्यावर बोंडाभोवती राहणारी जाड आंबट लाल आवरणं वाळवतात. इजिप्त, सुदानमध्ये त्यालाच करकदे म्हणतात.

आणि हे प्लीज लक्षात ठेवा, नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या झाडाची फुलं-पानं लगेच वापरू नका, त्यांच्यावर औषध मारलेलं असू शकतं आणि काही औषधं झाडात मुरतात, धुऊन जात नाहीत. त्यापेक्षा घरच्या झाडाची फांदी लावा.