शेजाऱ्याकडे विकेट आधी का पडते? : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले जवळपास सगळे प्रश्न व्हिडिओबद्दलचे आहेत, त्यातही निम्मे क्रिकेटचे. मला काही तक्रार नाही, माझा हा आवडता विषय आहे, त्यामुळे दोन-तीन उत्तरं जरा लांबलीयत.

प्रश्न : मी मॅच मोबाईलवर बघतो आणि वरच्या मजल्यावरचे काका डिश टीव्हीवर. इकडे बुमराह अजून रनअप घेतोय आणि वरून "आऊट!!" अशी आरोळी. माझं फायबर १०० एमबीपीएसचं आहे आणि काकांची छत्री गंजलेली. तरी ते पुढे कसे? (डोंबिवली)

तुमच्या फायबरचा यात दोष नाही, आणि खरं सांगायचं तर उपयोगही नाही. स्पीड वेगळा आणि उशीर वेगळा. काकांचं चित्र जमिनीवरून साधारण ३६ हजार किलोमीटरवरच्या सॅटेलाईटला जाऊन परत येतं, ऐकायला केवढं लांब वाटतं पण जाऊन-येऊन पाव सेकंद लागतो फक्त. बाकी कॉम्प्रेस करणं वगैरे धरून काही सेकंद. तुमच्याकडे येणारा व्हिडिओ मात्र सलग वाहत येतच नाही. त्याचे छोटे छोटे तुकडे करून साध्या फायली बनवतात आणि तुमचं अॅप त्या एकामागून एक डाउनलोड करतं. ॲपलने २००९ मध्ये एचएलएस नावाची ही पद्धत आणली तेव्हा एक तुकडा १० सेकंदांचा ठेवा असं सांगायचे, पुढे ते ६ वर आले. आता गंमत बघा, प्लेअर असे तीनेक तुकडे हातात आल्याशिवाय सुरूच होत नाही, म्हणजे १८ सेकंद इथेच गेले, वर एन्कोडिंगचे आणि सर्व्हरवर पसरवायचे वेगळे.

मग असं करतात कशाला? कारण साधी फाईल कुठलाही वेब सर्व्हर देऊ शकतो, वाटेत तिची कॉपी ठेवता येते, आणि तुमचं नेट ढेपाळलं तर पुढचा तुकडा कमी क्वालिटीचा मागवता येतो, त्यामुळे चित्र धूसर होतं पण चालू राहतं. २०१९ मध्ये ॲपलने लो लेटन्सी (म्हणजे कमी उशिराचं) एचएलएस आणलं, त्यात तुकड्याचेही तुकडे करतात, उशीर दोन ते पाच सेकंदांवर येऊ शकतो. पण हाताशी साठा कमी म्हणजे लोकलमध्ये दोन टॉवरच्या मधे आलात की चाक फिरलंच. कंपन्यांना माहितीये की लोक उशीर सहन करतात, चाक सहन करत नाहीत.

व्हिडिओ कॉलला उशीर का नाही असं पुढचं पत्र येणारच आहे म्हणून आत्ताच सांगतो. तिथे वेबआरटीसी नावाची वेगळी पद्धत असते, ती वेळ सांभाळण्यासाठी चित्र सरळ गाळून टाकते (समोरच्याचा चेहरा चौकटी चौकटीचा होतो तो त्यामुळेच) आणि प्रत्येक माणसासाठी सर्व्हरला वेगळं कनेक्शन सांभाळत बसावं लागतं. चार जणांच्या कॉलला ठीक, चार कोटींना खर्चच परवडणार नाही. या दोन्हीच्या मधलं काहीतरी हवंय आणि त्यावर काम चालूय. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये २०२२ पासून मीडिया ओव्हर क्विक नावाचा गट बसलाय. क्विक म्हणजे २०२१ मध्ये स्टँडर्ड झालेली नवी वाहतूक पद्धत, वाटेत डेटाचं एक पाकीट (पॅकेट) हरवलं तर बाकीचे प्रवाह तिच्यात अडून बसत नाहीत. मॅच डिशच्या बरोबरीने किंवा आधी दिसणं आणि तेही कोट्यवधी लोकांना, हे त्यातून होऊ शकतं असं मला मनापासून वाटतं. सध्या मी ज्या गोष्टींकडे डोळे लावून बसलोय त्यात ही पहिली.

तोपर्यंत एक करा, मॅच मधेच पॉज केली असेल तर नंतर 'लाईव्ह' बटण दाबा. बरेच जण ते दाबत नाहीत आणि अख्खी मॅच आणखी मागे राहून बघतात.

प्रश्न : रोजचा दीड जीबी डेटा आहे. अख्खी टी-२० बसेल का त्यात? (परभणी)

४८०पी वर ठेवली तर साधारण १ एमबीपीएस धरा, म्हणजे तासाला ४५० एमबी. मॅच साडेतीन तास चालली तर दीड जीबीच्या थोडं वरच जातं. पहिला डाव ३६०पी वर बघा आणि चेस ४८०पी वर. 'ऑटो'वर सोडलंत तर पॉवरप्लेमध्येच मेसेज येईल डेटा संपल्याचा.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. वर्ल्डकप फायनलला ५.९ कोटी लोक एकाच वेळी ऑनलाईन होते म्हणे. आमच्या कॉलेजची रिझल्टची साईट चारशे जणांत झोपते. हे कसं जमवतात? (कोल्हापूर)

हो, १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद, हॉटस्टारवर ५.९ कोटी. (निकालाबद्दल आपण इथे बोलणार नाही.) चारच दिवस आधी वानखेडेवरच्या सेमीफायनलला ५.३ कोटी झाले होते.

तुला वाटत असेल व्हिडिओ पाठवणं अवघड. तर तसं नाही. तुकडा एकदाच बनतो आणि सगळ्यांना तोच लागतो, त्यामुळे त्याच्या कॉप्या देशभर शहरा-शहरांत, इंटरनेट कंपन्यांच्या आवारातच ठेवलेल्या सीडीएनच्या (म्हणजे कॉप्या जवळ ठेवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याच्या) सर्व्हरवर असतात. कोल्हापूरच्या माणसाची मागणी मूळ सर्व्हरपर्यंत जातच नाही बहुतेक वेळा. खरी डोकेदुखी म्हणजे जे प्रत्येकाला वेगळं द्यावं लागतं ते, लॉगिन, पेमेंट, "तुमच्यासाठी खास" वालं होम पेज. त्याची कॉपी ठेवून भागत नाही.

यातला माझा सगळ्यात आवडता किस्सा १० जुलै २०१९ चा, न्यूझीलंडविरुद्धची सेमीफायनल, मँचेस्टर. २.५३ कोटी लोक ऑनलाईन, आणि गप्टिलच्या थ्रोवर धोनी रनआउट. पुढे काय झालं असेल? लोक बाहेर पडले. आपल्याला वाटतं लोक गेले म्हणजे लोड गेला, पण बाहेर पडताना सगळ्यांनी 'बॅक' दाबलं आणि बॅक दाबलं की येतं होम पेज, म्हणजे व्हिडिओ सोडून कोट्यवधी लोक एकदम नेमक्या त्या अवघड भागावर येऊन आदळले! त्यांच्या इंजिनिअरांनी पुढे जाहीर व्याख्यानांत हे सांगितलंय. म्हणून गर्दी चढतानाच नाही तर उतरतानाही सर्व्हर तयार ठेवावे लागतात. लोड वाढला की आपोआप सर्व्हर वाढवायची जी सोय क्लाउडवाले देतात तिच्यावर ते विसंबून राहत नाहीत, कारण नवीन सर्व्हर उभा राहायला काही मिनिटं जातात आणि टॉस झाला की मिनिटाला लाखोंनी लोक येतात. आधीच अंदाज बांधून सर्व्हर उभे करून ठेवायचे, आणि अगदी गळ्याशी आलं तर शिफारशी वगैरे चैनीच्या गोष्टी बंद करून फक्त मॅच चालू ठेवायची.

तुमच्या कॉलेजचा रिझल्ट प्रत्येकाला वेगळा असतो हे खरं, पण चारशे हा आकडा काही इतका भारी नाही रे. एकदा लागलेला रिझल्ट बदलत नाही, साध्या फायली बनवून ठेवल्या तरी साईट झोपणार नाही. प्रोजेक्टला विषय हवा असेल तर हाच घे.

मला स्वतःला खटकतं ते वेगळंच. माणशी २ एमबीपीएस धरलं (हा माझा अंदाज) तर ५.९ कोटींना मिळून सेकंदाला ११८ टेराबिट होतात. सगळ्यांना अगदी तेच चित्र, त्याच वेळी, आणि आपण ते ५.९ कोटी वेळा वेगवेगळं पाठवतोय. पंगत बसलीये आणि वाढपी प्रत्येक पानासाठी भटारखान्यात जाऊन एकेक वाटी आमटी आणतोय! त्यापेक्षा एकदाच हवेत सोडलं आणि ज्याला हवं त्याने घेतलं तर? हेच पुढच्या पत्रात आलंय.

प्रश्न : इंटरनेट नसताना मोबाईलवर टीव्ही दिसणार असं पेपरात वाचलं. सिमकार्डही लागत नाही म्हणे. खरं का? आमच्या वाडीवर रेंज दोनच ठिकाणी येते, एक टाकीवर आणि एक देवळाच्या पायरीवर. (पाटण, जि. सातारा)

काकू, खरं आहे पण जरा दमानं घ्या. त्याला डीटूएम म्हणतात, डायरेक्ट टू मोबाईल. टॉवरवरून टीव्हीचा सिग्नल सोडायचा आणि फोनमध्येच एक जास्तीची चिप बसवायची जी तो पकडेल. सिम नको, डेटा नको. तुम्ही पूर्वी घरावर अँटेना फिरवून सिंहगडच्या टॉवरचं दूरदर्शन पकडायचा प्रयत्न केला असेल तर कल्पना तीच, फक्त सिग्नल आता डिजिटल. दहा जण बघोत नाहीतर दहा लाख, टॉवरला फरक पडत नाही, जाम होत नाही. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे लोकांना साधा निरोप पोचवायला काय हाल झाले ते आठवा, तसल्या वेळी याचा खरा उपयोग.

आपल्याकडे प्रसार भारती, आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्स ही कंपनी यांनी मिळून हे आणलंय, ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी धरलाय. पद्धत आहे एटीएससी ३.०, दक्षिण कोरियात २०१७ पासून घरच्या टीव्हीसाठी तीच वापरतात. बंगळुरू, नोएडा आणि दिल्लीत कर्तव्यपथावर चाचणी झाली, मग जानेवारी २०२४ मध्ये १९ शहरांत मोठी चाचणी घेऊ असं सरकारने जाहीर केलं.

मी याच्या बाजूचा आहे हे उघडच आहे, पण आजवर काय काय झालंय तेही सांगायला हवं. जपानमध्ये २००६ पासून वनसेग नावाने मोबाईलवर फुकट टीव्ही दिसायचा आणि तो चाललाही. अमेरिकेत क्वालकॉमने मीडियाफ्लो काढलं, पैसे भरून बघायचं, ते २०११ मध्ये बंद. आणि आपल्या दूरदर्शननेच २०१६ मध्ये मुंबईसकट १६ शहरांत मोबाईलसाठी प्रसारण सुरू केलं होतं, आठवतंय कुणाला? नाही आठवणार, कारण त्याला फोनला वेगळा डोंगल लावावा लागायचा, आणि फुकट टीव्हीसाठी कोण डोंगल विकत घेऊन खिशात घालून फिरणार. म्हणून माझं म्हणणं एवढंच की चिप फोनच्या आत असेल तरच हे चालेल. त्यात दोन अडचणी. एक, ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६० सेंटीमीटर, तिचा पाव भाग धरला तरी १५ सेंटीमीटर म्हणजे जवळपास फोनएवढीच अँटेना झाली, ती आत कशी दडपायची. दुसरी अडचण म्हणजे मोबाईल कंपन्या. लोक व्हिडिओ बघतात म्हणून तर डेटा विकला जातो, त्यांना हे गोड कसं लागेल.

आणि डोंगर मधे आला तर याचाही सिग्नल अडतो, पाटणला ते बघावं लागेल. सध्या तरी देवळाची पायरी सोडू नका.

प्रश्न : नवीन टीव्ही घेतोय. सेल्समन म्हणतो एव्ही१ आहे म्हणून तीन हजार जास्त. घेऊ का? (नाशिक)

एव्ही१ (व्हिडिओ दाबून छोटा करायची एक पद्धत, अशा पद्धतीला कोडेक म्हणतात) चांगलंच आहे पण त्याचे वेगळे तीन हजार देऊ नका, गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच टीव्हींत ते असतंच.

थोडक्यात सांगतो. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण पाठवत नाहीत, आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं आणि काय सरकलं तेवढंच पाठवतात. जो कोडेक हे हुशारीने करेल तो कमी डेटात तेवढीच क्वालिटी देतो. २००३ चं एच.२६४ अजून सगळीकडे चालतं, २०१३ चं एचईव्हीसी साधारण निम्म्या डेटात भागवतं, पण त्याच्या पेटंटचे पैसे इतक्या जणांना द्यायचे की कंपन्या वैतागल्या. मग गूगल, नेटफ्लिक्स, मोझिला, ॲमेझॉन वगैरे, जे एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ते २०१५ मध्ये एकत्र आले आणि २०१८ मध्ये एव्ही१ काढलं, रॉयल्टी शून्य. त्यातली एक चलाखी मला फार आवडते. जुन्या सिनेमाच्या फिल्मवर जे दाणे दाणे दिसतात ना, ते पाठवायला प्रचंड डेटा लागतो, म्हणून एव्ही१ ते दाणे आधी पुसून टाकतं, कसे होते त्याची फक्त कृती पाठवतं आणि तुमचा टीव्ही तसेच दुसरे दाणे घरीच तयार करून वर टाकतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

गुलालापुढे मात्र अजून सगळे कोडेक हात टेकतात. विसर्जन मिरवणूक लाईव्ह बघा, गुलाल उधळला की अख्खं चित्र चौकटी चौकटीचं होतं कारण प्रत्येक कण वेगळ्या दिशेला उडतो आणि आधीच्या चित्रातलं काहीच कामाला येत नाही. दुकानात टीव्ही तपासायचा असेल तर तोच व्हिडिओ लावायला सांगा, आणि यूट्यूबवर 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू करून कोडेकसमोर एव्ही०१ लिहून येतं का ते बघा.

प्रश्न : नातवाची मुंज आहे, मुलगी न्यू जर्सीला, तिला रजा मिळत नाहीये. फोटोग्राफर लाईव्हचे बारा हजार मागतोय. आपल्याला घरच्या घरी जमेल का? (पुणे)

नक्की जमेल, पण आदल्या दिवशी करायला घेऊ नका. यूट्यूबवर चॅनलवरून पहिल्यांदा लाईव्ह चालू करायला २४ तासांपर्यंत थांबावं लागतं, आणि फोनवरून करायचं तर ५० सबस्क्रायबर हवेत. तेवढे नसतील तर भाच्याला लॅपटॉप घेऊन बसवा आणि त्यावर ओबीएस हे लाईव्ह करायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, तिथे ५० सबस्क्रायबरची अट नाही. (ओबीएस यूट्यूबला व्हिडिओ पाठवतं ते बहुतेक आरटीएमपीने, ती जुन्या फ्लॅशच्या जमान्यातली पद्धत. फ्लॅश २०२० च्या शेवटी बंद झालं, ही अजून ठणठणीत!) ७२०पी पुरे, त्याला ४ एमबीपीएस अपलोड लागतो. डाउनलोड नव्हे, अपलोड, आणि हॉलवर जाऊन मोजा, घरी मोजून उपयोग नाही. लिंक 'अनलिस्टेड' ठेवा म्हणजे ज्यांच्याकडे लिंक असेल तेच बघतील. लेटन्सीचं (उशिराचं) सेटिंग 'नॉर्मल'वरच ठेवा, मुलगी मंगलाष्टकं वीस सेकंद उशिरा ऐकेल पण सलग ऐकेल. मातृभोजनाच्या वेळी मात्र तिला नातवाशी बोलायचं असेल तर तेवढ्यापुरता वेगळ्या फोनवरून साधा व्हिडिओ कॉल लावा.

आणि हॉलवाल्यांना सांगून ठेवा की स्पीकरवर रेकॉर्डेड गाणी नकोत, यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि लाईव्ह मधेच तोडू शकते. समोर बसून वाजवणारे सनईवाले चालतील, पण "राजा की आएगी बारात" वाजवू नका म्हणावं.