नेते जाहीरपणे जी मूल्यं सांगतात, त्यांचा युद्धाच्या निर्णयांवर खरंच परिणाम होतो का?

तुम्ही विचारलंय की शांतता, मैत्री, संयम हे सगळं भाषणापुरतंच असतं का, आणि युद्धाचा निर्णय शेवटी ताकद बघूनच होतो का. निम्मं बरोबर आहे. माझ्या मते चारचौघांत दिलेल्या शब्दामुळे युद्ध क्वचितच टळतं. पण ते कसं लढायचं, कुठं थांबायचं, हे बऱ्याचदा त्या शब्दावर ठरतं.

मी सातारा तालुक्यातला. अपशिंगे मिलिटरी आमच्यापासून लांब नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान गेले, त्यांचं स्मारक तिथं आहे. आमच्याकडं बहुतेक भावकीत एखादा तरी पेन्शनर फौजी निघतोच. आमच्या घरी आप्पा होते, माझे चुलते, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले.

जून १९९९ ची गोष्ट. कारगिल पेटलेलं, सगळं गाव रेडिओला कान लावून. मी कॉलेजात होतो, त्या वयाला शोभेल असा तावातावानं बोलत होतो, की एवढं सैन्य असून एक डोंगर घ्यायला इतके दिवस कसे लागतात? सोप्यात खताची पोती छातीएवढी रचलेली होती. आप्पांनी सगळ्यात वरच्या पोत्यावर अडकित्ता ठेवला आणि म्हणाले, "घे बघू." मी बाजूनं वळसा घालायला लागलो तर हात आडवा घातला. "तिकडनं न्हाई. मागं दुसऱ्याची हद्द हाय. हितनंच, समोरनं चढायचं." मग स्वतः काठी घेऊन पोत्यांमागं उभे राहिले. माझा हात वर गेला की काठी बोटांवर. दोन-तीनदा बसल्यावर माझी बडबड थांबली.

कारगिलचा पेच तोच होता. घुसखोर शिखरांवर, त्यांची रसद मागच्या उतारावरून येणारी. लष्करी शहाणपण सांगतं की रसद तोडा, मागून घेरा. पण वाजपेयी सरकारनं नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असं ठरवलं आणि ते जगजाहीर केलं. पायदळ नाही, २६ मेपासून हल्ले करणारी विमानंसुद्धा नाहीत. त्यामुळे तोलोलिंगसारखी शिखरं उघड्या उतारावरून चढावी लागली. तोलोलिंग १३ जूनला हाती आलं, तोवर सुमारे तीन आठवडे गेले होते.

आता हे मूल्य म्हणायचं की हिशेब? दोन्ही, आणि ते वेगळं काढता येत नाही. फेब्रुवारीत वाजपेयी बसनं लाहोरला जाऊन आले होते. त्याआधी मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या होत्या, निर्बंध लागले होते, दोन्ही देशांकडं अण्वस्त्रं होती. 'आम्ही जबाबदार देश आहोत' हे वाक्य जगाला पटवायचं असेल तर तसं वागून दाखवणं भाग होतं. त्याचा फायदाही झाला. ४ जुलैला टायगर हिल आपण घेतली, त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये नवाझ शरीफांना माघारीचं कबूल करावं लागलं. आपले ५२७ जवान गेले. रेषा ओलांडली असती तर हा आकडा कमी झाला असता की युद्ध वाढून कितीतरी पटींनी वाढला असता, यावर आमच्याकडच्या फौजींत आजही एकमत नाही.

उलट उदाहरण आपल्याच भागातल्या माणसाचं. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले, 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' ते तेव्हाच. चीनशी झालेल्या त्या युद्धात आपण लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. पंचशीलाला, म्हणजे चीनशी ठरलेल्या शांततेच्या तत्त्वांना, जागायचं म्हणून नव्हे (हा समज फार पसरलाय), तर शहरांवर बॉम्ब पडतील ही धास्ती मोठी होती. पण १९६५ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पाकिस्तानला जाहीर सांगून टाकलं की बळाला बळानंच उत्तर मिळेल. १ सप्टेंबरला जम्मूकडच्या छांबवर पाकिस्तानचे रणगाडे चालून आल्यावर चव्हाणांनी हवाई दल वापरायला फार खल न करता परवानगी दिली, आणि ६ तारखेला आपलं सैन्य आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेनं गेलं. त्या जाहीर शब्दानंतर मागं फिरणं शास्त्रींनाही सोपं नव्हतं. गंमत म्हणजे त्यांच्या साध्या राहणीवरून पाकिस्ताननं त्यांना मऊ समजण्याची चूक केली होती.

आणि कधी कधी वरचा शब्द खाली पोचतो, पण खालचा माणूस तो पाळत नाही. डिसेंबर १९६१, गोवा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं तिथल्या गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हाला कळवलं होतं की शरणागती नाही, सैनिक एक तर विजयी होतील नाहीतर मरतील. साम्राज्याच्या अब्रूचं जे तो वर्षानुवर्षं बोलत आला होता, त्याचाच हा आदेश झाला. सिल्व्हानं आपल्या तुटपुंज्या फौजेकडं पाहिलं आणि १९ डिसेंबरला शरण गेला. सालाझारनं त्याला लष्करातून काढून टाकलं. त्याचा हुद्दा परत मिळाला तो १९७४ च्या क्रांतीनंतर, तोवर सालाझार वारला होता.