भारत–आसियान करारामुळे निर्यात वाढली का, हे कसं तपासायचं

तुमचा प्रश्न असा: २०१०-११ मध्ये आसियान या आग्नेय आशियाई गटातल्या देशांना आपली निर्यात साधारण २५ अब्ज डॉलर होती, २०२२-२३ मध्ये ४४ अब्ज झाली, तर ही वाढ भारत–आसियान मुक्त व्यापार कराराच्या खात्यात धरायची का? नाही. व्यापारी तूट त्याच काळात ५ अब्जांवरून ४३ अब्जांपुढे गेली, तीही सगळी कराराच्या माथी मारता येत नाही. एकूण आकडे इथे फसवतात.

आधी वस्तूवार तक्ता करा. सहा अंकी एचएस कोडप्रमाणे (वस्तूंच्या वर्गवारीचा जगभर वापरला जाणारा क्रमांक) त्या देशाचा सर्वसाधारण आयात शुल्काचा दर आणि करारातला दर शेजारी मांडा. फरक उरेल तीच सवलत. सिंगापूर घ्या. तिथे बिअरसारखी मोजकी मद्यं सोडली तर सगळ्यांनाच शून्य शुल्क आहे. म्हणजे तिथे जाणाऱ्या आपल्या पेट्रोलियम पदार्थांना करारानं काही नवीन दिलं नाही, पण निर्यातीच्या बेरजेत ते मोठी जागा अडवतात. वर तिथला बराच माल पुढे तिसऱ्या देशात जातो. म्हणून गणित सिंगापूर धरून आणि वगळून, असं दोनदा कराच.

स्पर्धकाचा दर बहुतेक जण विसरतात. आपला करार १ जानेवारी २०१० ला लागू झाला आणि नेमक्या त्याच दिवशी चीन व आसियानच्या सहा जुन्या सदस्यांमधलं बहुतेक वस्तूंवरचं शुल्क शून्यावर आलं. कागदावर सवलत मिळाली, पण चिनी मालापुढे तिचं बळ उरलं नाही.

मिळालेली सवलत वापरली जाते का, हाही प्रश्न आहेच. सर्वसाधारण नियमानुसार ३५ टक्के मूल्य सदस्य देशांतलं हवं आणि बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा सहा अंकी कोडही तयार मालात बदलायला हवा. फरक दोन-तीन टक्क्यांचा असेल तर निर्यातदार माल कुठल्या देशाचा ते सांगणाऱ्या प्रमाणपत्राच्या फंदात पडत नाही. दिलेली प्रमाणपत्रं मोजून वापर कळत नाही; तो आयात करणाऱ्या देशाच्या कस्टम्सच्या नोंदींत असतो.

मग ग्रॅव्हिटी मॉडेल, म्हणजे दोन देशांतला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांचा आकार आणि अंतर यांवरून मोजणारं समीकरण. लॉग घेऊन साधं रिग्रेशन केलंत की शून्य व्यापाराच्या नोंदी गळतात, म्हणून पीपीएमएल ही शून्यंही धरून मोजणारी पद्धत वापरा. निर्यातदार-वर्ष, आयातदार-वर्ष आणि देशजोडी असे तिन्ही फिक्स्ड इफेक्ट घाला, म्हणजे त्या त्या देशाचे, वर्षाचे आणि जोडीचे इतर परिणाम वेगळे पडतात. शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरलं, त्यामुळे करार आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या ०/१ डमीऐवजी प्रत्यक्ष सवलतीचा दर घेणं कितीतरी बरं. सिंगापूर (२००५) आणि मलेशियाशी (२०११) आपले वेगळे करार आहेत; त्यांचा परिणाम यात मिसळू देऊ नका.

शाश्वत वाढ तपासायची तर निर्यातीची किंमत पुरत नाही, देशात किती मूल्य तयार झालं ते बघा. आयात केलेलं कच्चं तेल शुद्ध करून पाठवलं तर आकडा मोठा, देशी मूल्य थोडं.

आयातीच्या बाजूनं पामतेल तपासा. जानेवारी २०१९ मध्ये शुद्ध पामतेलावर मलेशियाला ४५ टक्के आणि इतर आसियान देशांना ५० टक्के दर लागला. या पाच टक्क्यांमुळे मलेशियाचं शुद्ध तेल इतकं आलं की सप्टेंबरमध्ये त्यावर ५ टक्के सुरक्षा शुल्क (आयातीच्या लोंढ्यापासून देशी उद्योग वाचवायला लावलेलं जादा शुल्क) लावावं लागलं. नुसत्या सवलतीचा परिणाम इतका स्वच्छ क्वचितच दिसतो. तिकडे पामच्या लागवडीखाली जाणारी जंगलाची जमीन, इकडे रिफायनरीतलं काम आणि मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीनचा भाव, हे तिन्ही हिशेब याच व्यापाराला जोडलेले आहेत. ते वेगवेगळेच मांडा. एका निर्देशांकात कोंबले की कोणाचं नुकसान झालं तेच झाकलं जातं.