ई-५ सोडू नका, पाचवी खेळी बदला

ताई, चिपळूणच्या बुद्धिबळ स्पर्धेतला तुमच्या मुलाचा डाव पटावर लावून पाहिला. काळी मोहरी, बाराव्या खेळीला मात. पांढऱ्याच्या ई-४ ला ई-५ हे उत्तर सोडून त्याला दुसरं काही शिकवायचं का, असं विचारलंत. अजिबात नको. चुकली ती फक्त पाचवी खेळी.

डाव असा (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर, नुसतं घर लिहिलं तर प्यादं; जोडीत आधी पांढरा, मग काळा): ई-४ ई-५, घोडा एफ-३ घोडा सी-६, उंट सी-४ घोडा एफ-६ आणि मग पांढऱ्याचा घोडा जी-५ वर. एफ-७ च्या प्याद्यावर घोडा आणि उंट दोघांची नजर, आणि त्याला राजाशिवाय आधार नाही. मुलाने डी-५ करून उंटाची वाट अडवली, ते बरोबरच. पांढऱ्याने प्यादं मारलं, याने घोड्याने परत मारलं. (गेलेलं प्यादं लगेच वसूल करायचं, ही पोरांची खोडच!) तिथेच पांढऱ्याचा घोडा एफ-७ वर पडतो, राजा तो मारतो, वजीर एफ-३ ला येऊन शह देतो. डी-५ चा घोडा वाचवायचा तर राजाला ई-६ वर, भर बाजारात यावं लागतं. मग पांढऱ्याचा घोडा सी-३, आणि डी-५ च्या त्या एका घोड्यावर उंट, वजीर, घोडा असे तिघे तुटून पडतात. याला 'फ्राइड लिव्हर' म्हणतात. कलेजी आपलीच तळली जाते.

माझीही तळली गेलीय. रत्नागिरीत, ऐन जुलैत. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की समोरच्याने 'शह' म्हटलेलं ऐकूच आलं नाही, आणि मी सी-८ च्या उंटाला हात लावला. हात लावला ते मोहरं हलवायचं. शह अडवायला उंटाला घर एकच, एफ-५. वजिराने तो फुकटात उचलला, वर पुन्हा शह.

पाचव्या खेळीला प्यादं न मारता सी-६ चा घोडा ए-५ करायला सांगा. घोडा कडेला जातो खरा, पण उंटावर हल्ला होतो. उंट बी-५ वरून शह देईल, तर सी-६. प्यादं मारामारी झाली की उंट ई-२ ला परततो. मग काळ्याचं एच-६, पांढऱ्याचा घोडा एफ-३, काळ्याचं ई-४ आणि पांढऱ्याचा घोडा ई-५ वर. एक प्यादं कमी, पण काळ्याची मोहरी भराभर बाहेर पडतात आणि पांढरा मागे हटत राहतो. हीच स्थिती मांडून त्याच्याशी दहा-बारा डाव खेळा, दोन्ही बाजूंनी.

एवढं पाठांतर नकोच असेल तर तिसऱ्या खेळीला घोडा एफ-६ ऐवजी उंट सी-५. मग घोडा जी-५ वर आलाच, तर वजीर त्याला सरळ खातो.