वाचकांचे प्रश्न : बर्फाचा डोंगर, पण कुठल्या महिन्यात?

प्रश्न : ताई, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरातली बारा माणसं गुलमर्गचा प्लॅन करूलोय. पोरांना स्कीइंग शिकायचंय, आईला बीपी आहे, वय 68. एजंट म्हणतोय तिथं बाराही महिने स्कीइंग असतं. खरं काय? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : नाही हो, बाराही महिने असतं ते रिसॉर्ट, स्कीइंग नाही. गुलमर्गचा स्कीचा सीझन साधारण डिसेंबर मधल्यापासून मार्च अखेरपर्यंत, आणि तोही पाऊस-बर्फाच्या मर्जीवर, 2024 च्या जानेवारीत तर तिथली कुरणं बरेच दिवस कोरडी पडली होती, भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी वारे वेळेवर पोचले नाहीत की असंच होतं. मे मध्ये खाली सगळं हिरवं असतं, घोडे, गोल्फ, आणि गोंडोला, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणारी केबल कार. वर अफरवटच्या शिखराकडं बर्फाचे पट्टे उरलेले असतात, तिथं कुणीतरी पोराच्या पायात स्की घालतो, हाताला धरून दहा पावलं ओढतो, फोटो काढतो. एवढ्याला स्कीइंग म्हणून पैसे देऊ नका, मला खरंच वाईट वाटतं पोरं हिरमुसून परत येतात तेव्हा.

आईंचं सांगते. गोंडोलाचे दोन टप्पे आहेत, पहिला कोंगडोरीपर्यंत, म्हणजे 3,000 मीटरच्या थोडं वर, दुसरा थेट 3,900 च्या पुढं. आपलं बेळगाव जेमतेम 750 मीटरवर. एवढ्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळं आईंना पहिल्या टप्प्यापर्यंतच न्या, तेही डॉक्टरांना विचारून, आणि पोचल्या दिवशी लगेच नको, एक रात्र खाली आराम करू दे. तिकीट ऑनलाइनच घ्यायचं असतं आणि गर्दीत संपतं, तेव्हा आधी गोंडोलाची तारीख बघा मग हॉटेल.

पोरांना खरंच शिकायचं असेल तर सुट्टीचा हट्ट सोडून फेब्रुवारीत पाठवा. गुलमर्ग आणि मनाली दोन्हीकडं सरकारी संस्था आहेत, बेसिक कोर्स साधारण 2 आठवड्यांचा, राहणं-जेवणं-सामान धरून. वयाची अट मात्र आधी विचारून घ्या.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, फेब्रुवारीत मैत्रिणींबरोबर उत्तराखंडातल्या औलीला जाणार. पहिल्यांदाच स्की करणार, भीती वाटते. काय घेऊन जाऊ? (खानापूर)

उत्तर : भीती वाटू दे गं, पण मोजे एकच जोडी घाल. थंडी म्हणून सगळे दोन-दोन घालतात आणि बूट आत घसरतो, पोटरीला घासून फोड येतात. एकच, लोकरीचा, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. बूट कडक प्लॅस्टिकचा असतो, बकल लावल्यावर नडगी पुढच्या जिभेला टेकली पाहिजे आणि टाच उचलायला गेलीस तर उचलता कामा नये. भाड्यानं स्की देणाऱ्यानं तुझं वजन विचारलं का बघ, कारण पडल्यावर स्कीतून बूट सुटायचा तो बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या खटक्याच्या सेटिंगवर, आणि ते वजन बघून लावतात. न विचारता हातात दिली तर दुसरं दुकान गाठ, गुडघा तुझा आहे.

पहिला दिवस पडण्यात आणि उठण्यातच जातो. थांबायचं कसं तर पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे वाकलेले आणि अंग पुढं. घाबरून मागं रेललं की वेग वाढतो, आणि सगळे नेमकं तेच करतात. काळा चष्मा आणि सनस्क्रीन विसरू नको, बर्फावरचं ऊन आपल्या मे महिन्यापेक्षा वाईट भाजतं. जायला गोवा एक्सप्रेस आहेच, बेळगावहून संध्याकाळी बसलं की तिसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीन, पुढं हरिद्वार-ऋषिकेशपर्यंत रेल्वे मिळते, तिथून औलीच्या खालच्या जोशीमठपर्यंत मात्र रस्त्यानंच. 2023 च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथून औलीला नेणारा रोपवे बंद केला होता, म्हणून तो चालू आहे या भरवशावर निघू नको.

प्रश्न : चोर्ला-जांबोटी बाजूला जागा आहे, असं वर्षभराचं रिसॉर्ट काढता येईल का? (निपाणी)

उत्तर : बर्फाच्या रिसॉर्टवाल्यांनी उन्हाळा कसा धरला ते बघा, कॅनडातल्या व्हिसलरनं स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या त्याच लिफ्टनं उन्हाळ्यात सायकली वर न्यायला सुरुवात केली. आपल्याकडं गर्दीचा सीझन पावसाचा, तेव्हा तुमचा खरा प्रश्न आहे फेब्रुवारी ते मे काय करायचं. पण जागा घेण्याआधी वनखात्यात जा. त्या बाजूला भीमगड अभयारण्य आहे, म्हादईचे झरे तिथलेच. नकाशावर हद्द बघितल्याशिवाय विसार देऊ नका, आणि एप्रिलमध्ये विहिरीत पाणी किती राहतं ते शेजारच्या गावात विचारा.