दुकानातला स्टॉक आणि वेबसाइटवरचा स्टॉक जुळता कसा ठेवायचा?

तुमची अडचण अशी: कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधल्या दुकानाचा स्टॉक तिथल्याच संगणकावर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मोफत डेटाबेसमध्ये आहे, वेबसाइटचा शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइट्सच्या सामायिक सर्व्हरवर) मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये. रोज रात्री एक्सेल फाइल चढवता, आणि दुपारी काउंटरवर संपलेली ७ नंबरची कापशी चप्पल संध्याकाळी साइटवर पुन्हा विकली जाते.

आधी मालकी ठरवा. किंमत आणि स्टॉक दुकानाचे, फोटो, वर्णन आणि ऑर्डर साइटच्या. एकाच रकान्यात दोन्हीकडून लिहिलं गेलं की खरा आकडा कुठला, हे कोणतंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

साइटला दुकानाच्या डेटाबेसपर्यंत येऊ देऊ नका. राउटरवर १४३३ पोर्ट (एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं प्रवेशद्वार) उघडा ठेवणं म्हणजे पासवर्ड चाचपणाऱ्यांना दार उघडं ठेवणं. दुकानातल्या प्रोग्रॅमनेच एचटीटीपीएसवरून, गुप्त टोकन (पासवर्डसारखी किल्ली) लावून साइटला माहिती द्यावी. मग दुकानाला स्थिर आयपीही (कायमचा इंटरनेट पत्ता) लागत नाही. एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो, म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरने दर ५ मिनिटांनी प्रोग्रॅम चालवा. आधीची फेरी संपली नसेल तर नवी सुरू होणार नाही, ही सेटिंग तपासा.

काय बदललं हे घड्याळावरून ओळखू नका. होस्टिंगचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), म्हणजे आपल्या मागे साडेपाच तास असतं. त्याऐवजी स्टॉकच्या टेबलात रोव्हर्जन (डेटाबेस स्वतः देतो तो बदलाचा क्रमांक) प्रकारचा रकाना जोडा. ओळ बदलली की तो आपोआप वाढतो. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला मिन_अ‍ॅक्टिव्ह_रोव्हर्जन हे फंक्शन (अजून सेव्ह पूर्ण न झालेल्या बदलांतला सगळ्यात लहान क्रमांक सांगणारं) विचारा आणि मागच्या खुणेपासून, म्हणजे मागच्या फेरीत मिळालेल्या आकड्यापासून, त्या आकड्याच्या आधीपर्यंतच्याच ओळी उचला. नाहीतर त्याच क्षणी अर्धवट सेव्ह होत असलेलं बिल कायमचं सुटू शकतं. हा दोष महिन्यातून एकदाच दिसतो आणि म्हणून सापडत नाही.

पाठवताना ‘२ जोड कमी करा’ असं कधीही पाठवू नका, ‘आता ५ जोड आहेत’ असं पाठवा. मध्येच लाइट गेली आणि तेच पाकीट पुन्हा गेलं, तरी आकडा बिघडत नाही. खूण पुढे सरकवायची ती साइटचं ‘मिळालं’ असं उत्तर आल्यावरच. ५००-५०० ओळींचे गठ्ठे पुरतात. साइटवर ते एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं लिहिलं जाईल नाहीतर काहीच नाही अशा रीतीने, लिहा. मायएसक्यूएलमध्ये टेबल मायआयसॅम प्रकारचं असेल तर ट्रान्झॅक्शन चालतच नाही, ते इनोडीबी प्रकारचं करून घ्या. लिहिताना ‘रिप्लेस’ ही आज्ञा वापरू नका. ते जुनी ओळ पुसून नवी घालतं, त्यात फोटो-वर्णनाचे रकाने रिकामे होतात. ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’ वापरा, आणि युनिक की (ओळ ओळखण्याची, पुन्हा न येणारी जोडी) डिझाइन कोड व नंबर मिळून असू द्या.

पुसलेली ओळ रोव्हर्जनला दिसत नाही, म्हणून बंद डिझाइन डिलीट न करता ‘बंद’ असा शेरा मारा.

आता ऑर्डर, जी खरी नाजूक जागा आहे. त्याच फेरीत प्रोग्रॅमने साइटवरच्या नव्या ऑर्डर आणून दुकानात बिल करावं. ऑर्डर क्रमांकावर युनिक बंधन हवं, म्हणजे एकाच ऑर्डरची दोन बिलं होणार नाहीत. साइटवर दाखवायचा स्टॉक म्हणजे दुकानाने पाठवलेला आकडा वजा दुकानाकडून ‘बिल झालं’ अशी पोच अजून न मिळालेल्या ऑर्डर. पोच आणि कमी झालेला स्टॉक एकाच पाकिटात पाठवा. वेगवेगळे गेले तर मधल्या वेळात तोच जोड दोनदा वजा होतो, किंवा एकदाही होत नाही. एवढं करूनही ५ मिनिटांची फट उरतेच. त्यासाठी शेवटचा १ जोड साइटवर दाखवूच नका, तो काउंटरसाठी राहू द्या.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येत असतील तर दुकानातला रकाना बहुधा व्हारचार प्रकारचा आहे. तो एनव्हारचार (सर्व लिपी साठवणारा प्रकार) करा. साइटकडे यूटीएफ८एमबी४ ही अक्षरसंकेतन पद्धत ठेवा, टेबलाला आणि जोडणीलाही. एकदा प्रश्नचिन्ह झालेलं नाव परत येत नाही, ते पुन्हा टाइप करावं लागेल.

रात्री दुकान बंद झाल्यावर दोन्हीकडच्या ओळींची संख्या आणि एकूण जोडांची बेरीज ताडून पाहा. फरक निघाला तर पूर्ण यादी पाठवा आणि नोंद ठेवा. तोच कोड पुन्हा पुन्हा निघाला, तर कुणीतरी साइटच्या अ‍ॅडमिनमधून हाताने स्टॉक बदलतंय. तो रकाना तिथे कुलूपबंद करा.