माया सोडून शिव

नवं काही घ्यायच्या आधी कपाट पलंगावर रिकामं कर. वर्षभरात अंगाला न लागलेलं बाजूला काढ, पण लगेच टाकू नकोस. आईची विरलेली इरकल साडी असेल तर तिचा पदर आणि काठ बहुधा शाबूत असतात. त्यातून ब्लाउज किंवा कुर्त्याचं योक, म्हणजे गळ्या-खांद्याजवळचा तुकडा, निघतं, आणि ते दुकानातल्या कशालाही भारी दिसतं.

एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. आटपाडी-जतचा दुष्काळ पाहिलेल्या आपल्या सांगलीकरांना तरी हा आकडा टोचायला हवा. म्हणून थोडंच घे, पण कापड घेऊन शिवून घे. सुती कापड आधी रात्रभर भिजव, आटायचं ते तेव्हाच आटू दे. मग शिंप्याला शिवणीत इंचभर माया, म्हणजे आतल्या बाजूला जास्तीचं कापड, सोडायला सांग. हे विसरू नकोस! माझा एक कुर्ता मायेमुळेच दोनदा उसवून सैल केला, अकरा वर्षं वापरतेय.

रंग दोन-तीनच ठेव, म्हणजे सगळं सगळ्यावर जातं. पॉलिस्टर शक्यतो टाळ. प्रत्येक धुण्यात त्याचे प्लास्टिकचे बारीक तंतू सुटतात आणि सांडपाण्यातून नदीत पोचतात. आपल्याकडे नदी म्हणजे कृष्णाच.